हिरव्या सॅटिनमधली बाई

९ जानेवारी

माझं नाक दिसतंय का, असं डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं. नाही म्हटलं. कान दिसतात, कानातले खडे दिसतात, मागच्या भिंतीवरचं घड्याळ दिसतं. मधे बाई नाहीत. मधे ओल्या बोटाने पुसल्यासारखं काहीतरी आहे.

डावा डोळा तीन वर्षांपूर्वीच गेला. तेव्हा म्हटलं, उजवा आहे ना! आता उजव्याचाही पडदा मधोमध झिजत चाललाय. कडा शाबूत राहतील म्हणाल्या. चालता येईल, जेवता येईल, जिन्यावरून पडायचो नाही. 'चेहरे तेवढे जातील.' पावसाचे दोन थेंब पडतील म्हणावं इतक्या सहज! मी जन्मभर काय करून खाल्लं ते त्यांना काय माहीत. मीच सांगितलं नव्हतं.

रोज काय दिसतं आणि काय नाही, ते लिहून ठेवा म्हणाल्या. म्हणून ही वही. चित्रांचीच वही, जाड काळं पेन, पानावर दहा ओळी. ओळी वाकड्या जात असणार. जाऊ देत. माझ्याशिवाय कोण वाचणार आहे? आणि मी तरी किती दिवस?

ताईला सांगितलं नाही. म्हणालो, चष्म्याचा नंबर बदललाय.

११ जानेवारी

दिसलं – खिडकीची चौकट, कढईची कड, ताईची पाठ.

नाही दिसलं – ताई.

१५ जानेवारी

दुपारी एक बाई आल्या. आवाजावरून चाळिशीच्या आत-बाहेर. चौकातल्या औषधांच्या दुकानात बसतात. हातात चादरीत गुंडाळलेलं चित्र. म्हणाल्या, 'काका, हे तुम्हीच काढलंय. कोपऱ्यात सही आहे.'

चादर सोडली. चेहऱ्याकडे बघितलंच नाही, बघून काय उपयोग. पण खांदा दिसला आणि ओळख पटली. हिरवं सॅटिन, खोल पाण्यासारखं. एक खांदा उघडा, मागून उजेड, केसांच्या लाटा. ही टेलिफोन एक्स्चेंजमधली बाई! चाळीस वर्षं झाली. नव्या नवऱ्याने हट्टाने आणली होती तिला.

तेव्हा आमचा स्टुडिओ म्हणजे दीड खोली आणि एक ट्रंक. ट्रंकेत हा सॅटिनचा झगा – मागून सगळा उघडा, टाचण्या लावून कुणालाही बसायचा. फरची एक कॉलर – तिला डांबराच्या गोळ्यांचा असा वास की निम्म्या बायका शिंकायच्या. कोपरापर्यंतचे हातमोजे. आणि खोट्या मोत्यांचा एकच सर. गावातल्या कितीतरी घरांत तोच सर वेगवेगळ्या गळ्यांत टांगलेला आहे. टायपिस्ट, नर्सा, शिवणकाम करणाऱ्या, तिकिटं फाडणाऱ्या, सगळ्या तासाभरासाठी नट्या व्हायच्या. त्यांना वाटायचं मी नाक लहान करतो, रंग उजळतो. कधीच नाही! मी फक्त दिवा हलवायचो. नाक ज्याचं त्याला.

तर ही औषधवाली तिची मुलगी. आई जाऊन सहा वर्षं झाली. चित्रामागच्या भिंतीतला नळ फुटला, ओल धरली, आणि चेहऱ्यावरचं व्हार्निश पांढरं पडलं. वडील अंथरुणाला खिळलेत. दोन-तीन महिने, त्यापुढे सांगता येत नाही, असं त्यांच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलंय. ते दुसरं काही मागत नाहीत. पलंगासमोर ती हवी, आणि नीट दिसायला हवी. रोज म्हणतात, धुक्यात का उभी केलीत हिला?

औषधवाली आधी दोघांकडे जाऊन आली होती. एकाने सांगितलं, फोटो काढतो, कॉम्प्युटरवर साफ करतो, छापून देतो. म्हातारा म्हणाला, छापील बायको नको मला.

'तुमच्याशिवाय कोण करणार, काका?'

हे वाक्य मी किती वर्षांनी ऐकलं! तोंडातून निघूनच गेलं – करतो.

१६ जानेवारी

सांगायला हवं होतं.

२० जानेवारी

चित्र ईझलवर लावलं. समोरून बघितलं की खांदा, केस, गळा – मधे भोक. म्हणून कोंबडीसारखी मान वाकडी करून कडेने बघतो. तेव्हा एक फाक दिसते. अर्धी भुवई. मान हलवली की भुवई जाते आणि कान येतो. भिंग लावलं तर भोकही मोठं होतं!

ती बसली होती तो दिवस आठवला. ड्यूटी संपवून आली होती, कानाला लावायच्या यंत्राची पट्टी केसांत उमटलेली. ती वळी घालवायला ओला कंगवा फिरवावा लागला. मोत्यांचा सर घातला आणि हसतच सुटली. म्हणे, हे मोती आमच्या सुपरवायझरबाईंच्या भिंतीवर पाहिलेत मी! नवरा बाहेरच्या बाकावर, आतून हसण्याचा आवाज का येतोय म्हणून दोनदा डोकावून गेला. ती थांबेपर्यंत मी ब्रश धरून उभा. शेवटी हसू पुरतं विझलं नाहीच, ओठाच्या कोपऱ्यात थोडं राहिलं. ते तसंच ठेवलं.

तो कोपरा आठवतो. बाकीचा चेहरा? खरं सांगायचं तर नाही आठवत.

२७ जानेवारी

ताईने पकडलं.

सकाळी चहा देताना विचारलं, माझ्यात काही वेगळं दिसतंय का? मी म्हटलं, केस कापलेस वाटतं. तिने माझा हात धरून स्वतःच्या चष्म्यावर टेकवला. काचेला आरपार तडा! तीन दिवस ती फुटका चष्मा घालून माझ्यासमोर जेवत होती, आणि मला पत्ता नाही.

माझ्याहून सात वर्षांनी मोठी. पंच्याहत्तर झाली तरी नजर इस्पितळातल्या मुख्य नर्सचीच – जन्म तिथेच काढला. तिच्यापासून काही लपवणं म्हणजे झाकली मूठ तिच्याच हातात देण्यासारखं. सगळं सांगितलं. तिने डॉक्टरीणबाईंचे कागद मागून घेतले, स्वतः वाचले, घडी घालून परत दिले. मग म्हणाली, ते चित्र आजच्या आज परत दे. डोळे गेले म्हणून सांग. त्यात लाज कसली?

मी वाद घातला. हात चालतो म्हटलं. हाताला सगळं पाठ आहे.

'माझा हात थरथरायला लागला, त्या दिवशी मी सुई खाली ठेवली. दुसऱ्या दिवसाची वाट नाही बघितली.'

मी म्हणालो, सुई टोचणं आणि चेहरा काढणं एक आहे का? फार लागेल असं बोललो. ती भांडी घेऊन आत गेली. आवाज न करता. तिने आदळआपट केली असती तर बरं वाटलं असतं.

चित्राच्या खोलीला आतून कडी लावायला लागलोय.

३ फेब्रुवारी

आज चांगला दिवस. मागची पार्श्वभूमी आणि सॅटिन साफ झालं. काडीला कापूस, कापसाला औषध, टिकलीएवढ्या जागेवर गोल फिरवायचं, लगेच पुसून घ्यायचं. पांढुरकं उठतं आणि खालून हिरवं येतं – जसंच्या तसं! घड्या मी किती भराभर टाकल्या होत्या. अठ्ठावीस वर्षांचा होतो, भीती नावाची चीज नव्हती. एका घडीत ब्रशचा केस अडकून राहिलाय. बोटाला लागला.

औषधवालीने दुकानातून फोन केला. मी म्हटलं, उत्तम चाललंय. तिने तिथूनच कुणालातरी सांगितलं, उत्तम चाललंय म्हणे! आवाज केवढा हलका झाला तिचा.

९ फेब्रुवारी

कापूस गुलाबी.

मला वाटलं, जुन्या व्हार्निशचा मळ. टाकला, दुसरा घेतला. तोही गुलाबी. मग तिसरा थोडा तांबूस. उजेडात नेऊन मान वाकडी करून बघितलं. मळ असा नसतो. मळ पिवळा असतो, तपकिरी असतो. हा रंग माझ्या ओळखीचा. हा मी बशीत स्वतः कालवायचो. गालाचा. तांबूस तो ओठांचा.

ओलीने आतून रंग सुटलेला होता. डोळस माणसाला पहिल्या फिरवण्यात दिसलं असतं. मी सकाळपासून फिरवत होतो. गाल, नाक, ओठ आणि डाव्या डोळ्याची अर्धी कड. चाचपून बघितलं. नुसता कॅनव्हास लागतो. सुती, खरखरीत.

सगळे बोळे खिडकीत ओळीने ठेवलेत. का ते माहीत नाही. टाकवत नाहीत.

१० फेब्रुवारी

जेवलो नाही. ताईने दारावर एकदा टकटक केली. कडी काढली नाही.

१२ फेब्रुवारी

दुकानात गेलो. गिऱ्हाइकं होती म्हणून कडेला उभा राहिलो. सांगायचंच असं ठरवून गेलो होतो, देवाशप्पथ. तिने स्टूल दिलं, पाणी दिलं आणि मी तोंड उघडायच्या आत सांगायला लागली – कालपासून बाबांनी पाणीसुद्धा मोजकंच घ्यायला सुरुवात केलीय, पण चित्राचं रोज विचारतात. पलंग हलवून घेतलाय. भिंतीला नवीन खिळा ठोकून घेतलाय, आणि त्या खिळ्याकडे बघत पडून असतात.

खिळ्याकडे!

मी विचारलं ते एवढंच – आईचा एखादा फोटो आहे का, रंगाला मदत होईल. म्हणाली, आईला फोटोची चीड होती. एकदा चित्र काढलंय ना, झालं, म्हणायची. शोधून शोधून एक्स्चेंजचं ओळखपत्र दिलं. नखाएवढा फोटो, त्यावर शिक्का.

घरी आणून भिंगाखाली धरलं. शिक्का दिसतो.

१८ फेब्रुवारी

सुरुवात केली. दुसरा मार्ग नाही. म्हणजे होता. तो मी घेतला नाही.

गुरुजी शिकवायचे, चेहऱ्याची मापं अडली तर आरशात बघ. आरसा आता माझ्या कामाचा नाही. म्हणून डाव्या हाताने स्वतःचा चेहरा चाचपतो. भुवईपासून नाकाच्या टोकापर्यंत अंगठा आणि तर्जनी धरायची, हात तसाच कॅनव्हासवर नेऊन टेकवायचा आणि उजव्या हाताने रंग लावायचा. गालाचं हाड कुठे वळतं, डोळ्याची खाच किती खोल, ओठाच्या वर खळगा आहे की नाही – सगळं बोटांनी विचारायचं. अडुसष्ट वर्षांचं कातडं लोंबतंय, ते वर ओढून धरतो. म्हातारपण वजा करत जातो.

रंग बशीत कुठे आहेत ते जागेवरून ओळखतो. तांबडा बाराच्या काट्यावर, पिवळा तीनच्या, पांढरा मधे.

दाढीवर रंग लागला. ताईने दुपारी तो टर्पेंटाइनने पुसला.

२४ फेब्रुवारी

ओठाचा कोपरा साधला असं वाटतं. हात आपोआप गेला. निदान तेवढं तिचं असेल.

बाकी काय झालंय ते मला कळायला मार्ग नाही. कडेने बघितलं की एकेक तुकडा दिसतो – डोळा डोळ्यासारखा, नाक नाकासारखं. पण माणूस तुकड्यांत नसतो. ताईला बोलावून विचारता आलं असतं, पण तिला विचारायचं म्हणजे आधी कापूस गुलाबी झाल्याचं सांगायचं.

३ मार्च

घेऊन गेली.

मी चित्र खिडकीकडे तोंड करून ठेवलं होतं. ताई बाजारात गेली होती, वेळ तशीच दिली होती मी. औषधवाली समोर उभी राहिली. मी तिच्या चपलांकडे बघत होतो, चपला मला दिसतात. बराच वेळ हलल्या नाहीत. मग म्हणाली, 'छान झालंय, काका.' मग परत, 'खूपच स्वच्छ झालंय.'

स्वच्छ!

त्याच चादरीत बांधून दिलं. जिना उतरताना एकदा थांबली असं वाटलं. मग उतरली.

६ मार्च

फोन नाही. चांगलं असेल तरी माणूस कामात असतो.

९ मार्च

छान झालंय, असं तिने मी न विचारता म्हटलं. लोक उगाच म्हणत नाहीत.

लोक उगाचच म्हणतात. मी जन्मभर ऐकलंय.

१४ मार्च

आली. चादरीतलं चित्र भिंतीला टेकवून ठेवल्याचा आवाज आला आणि मला कळलं.

बाबा मंगळवारी गेले म्हणाली. सकाळी. मी काहीतरी बोललो, ते तिने ऐकलं नाही. ती सांगत होती, कुणालातरी सांगायलाच हवं अशी. चित्र नव्या खिळ्याला लावलं. बाबांना उशीला टेकवून बसवलं. ते फार वेळ बघत राहिले. आनंदाने बघताहेत असं तिला वाटलं, म्हणून ती पाणी आणायला उठली. परत आली तर विचारलं, ही कोण बाई आहे?

ती म्हणाली, आई. ते म्हणाले, 'नाही. माझी कुठे नेलीत?'

पुढचे दिवस तेच. रागावले नाहीत, रडले नाहीत, नुसतं विचारत राहिले. शेवटी तिने चित्र उतरवलं. मग ते खिळ्याकडे बघत राहिले. तसेच गेले.

तेव्हा मी सांगितलं. डोळे, कापूस, बोटं. जानेवारीपासूनचं सगळं. मधे एकदाही थांबवलं नाही तिने. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, आणि पहिल्यांदाच त्याचं बरं वाटलं. स्वतःचीच किळस आली.

शांतपणे बोलली. ओरडली असती तर सहन झालं असतं.

'धुरकट होती, काका. पण आमची होती.'

चित्र तुमच्याकडेच राहू दे म्हणाली. घरात ठेवून आता मी काय करू, कोण म्हणून ठेवू? ओळखपत्र मात्र परत मागून घेतलं. मी ते ड्रॉवरमधे शोधत होतो, हाताला लागेना. तिनेच वाकून काढलं.

ताई आतल्या दारात उभी होती. किती वेळ, कोण जाणे. नंतर तिने पोळी बारीक कुस्करून ताटलीत दिली, इस्पितळात देतात तशी.

१५ मार्च

कुणाच्या घरातली एकुलती एक बाई मी कापसाने पुसली. चोर निदान वस्तू कुठेतरी ठेवतो.

१९ मार्च

ब्रश धुतले, बांधले, ताईकडे दिले. ट्यूबा पिळून रिकाम्या केल्या. तिने विचारलं, ठेवायचेत का? म्हटलं, मोरीची फट घासायला घे.

दिसलं – दाराची कड.

२२ मार्च

दुकानापुढून जायचं टाळतो. लांबचा रस्ता घेतला तर खड्ड्यात पाय गेला. कडाही जायला लागल्यात की काय? विचारणार नाही. वहीत लिहायचं ते डॉक्टरीणबाईंसाठी होतं, आणि तिकडे मी आता जाणार नाही.

२७ मार्च

काही नाही.

३० मार्च

ताई म्हणाली, चादर त्या बाईंची आहे, धुऊन परत द्यायला हवी. गाठ सोडल्याचा आवाज आला. मग खुर्ची ओढल्याचा.

मी म्हटलं, नको बघू, टाकून दे. तिने विचारलं, हिला कसं काढलंस? सांगितलं – माझंच थोबाड चाचपून, म्हातारपण वगळून.

'तू चार वर्षांचा होतास आई गेली तेव्हा. मी अकराची.' मग म्हणाली, 'तू तिच्यावर गेलास हे मी तुला कधी सांगितलंच नाही.'

आईचा एकही फोटो आमच्याकडे कधी नव्हता. मला ती आठवत नाही – आवाज नाही, हात नाही, काहीच नाही.

शेजारी जाऊन उभा राहिलो. विचारलं, कशी आहे गं?

ताई म्हणाली, 'थांब. मला बघू दे.'